रविवारच्या पेपरचं घड्याळ

घड्याळजींच्या घरात भांडणसुद्धा वेळेवर सुरू होतं, असं गल्लीतले लोक थट्टेने म्हणायचे, आणि घड्याळजींना ती थट्टा मनापासून आवडायची. रेडिओवरची वेळ आणि त्यांच्या दुकानातली वेळ यांत अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, तर लोक रेडिओला नावं ठेवायचे. माणूस देवभोळा. कुणाचंही घड्याळ उघडण्याआधी ते दोन बोटं कपाळाला लावत. काळ देवाचा आहे, आपण फक्त त्याचे राखणदार, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी ही राखण केली होती आणि या तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला खोटी वेळ सांगितली नव्हती.

खोटी वेळ त्यांनी सांगितली ती आपल्या पोटच्या पोरीला.

या पोरीला घरात बारकी म्हणत. आता ती आईपेक्षा दोन बोटं उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून घड्याळजीही कधीमधी मस्करीत तिला सिस्टर म्हणायचे आणि दर वेळी ती डोळे वटारायची. बारकीला डॉक्टर व्हायचं होतं. ते तिच्या डोक्यात कुणी भरवलं नव्हतं. सात वर्षांची असताना ती शेजारच्या मांजराच्या छातीला कान लावून बसायची आणि 'हिला विश्रांती द्या' असं मालकिणीला बजावून यायची. तेव्हापासून तिचं तेच.

पण डॉक्टरकीचा दरवाजा एकच, आणि तो वर्षातून एकदा तीन तास उघडतो. एकशे ऐंशी प्रश्न, एकशे ऐंशी मिनिटं. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल, त्यातला एक काळा करायचा. चुकीचा काळा केला तर मिळवलेल्या गुणांतून एक कापला जातो. जागा मूठभर आणि बसणारे लाखांनी. चांगले शिकवणी वर्ग लांबच्या शहरात होते, तिथे राहायला जायचं नाही असं बारकीनेच ठरवलं. त्यामुळे सरावाचे पेपर टपालाने घरी यायचे आणि दर रविवारी सकाळी नऊ वाजता मागच्या खोलीत परीक्षा व्हायची.

या परीक्षेचे सगळे अधिकारी घड्याळजीच. आईची रविवारी सकाळपाळी असायची, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. ते टेबल पुसायचे, त्यावर पेपर उलटा ठेवायचे. परीक्षेच्या केंद्रात मनगटावर घड्याळ चालत नाही, म्हणून बारकीचं घड्याळ काढून घेतलं होतं. फोनही जेवण होईपर्यंत त्यांच्याच खिशात. स्वयंपाकघरातलं घड्याळ तेल घालायला म्हणून दुकानात गेलं होतं आणि परतलंच नव्हतं. राहिलं एक भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. ते आठवडाभर बंद असायचं. रविवारी घड्याळजी त्याला चावी द्यायचे, काटे नऊवर आणायचे, आणि बोटाने लंबकाला हलकेच ढकलून म्हणायचे, "चल बाळ." ते लंबकाला म्हणत की लेकीला, कोण जाणे. दोघंही चालू लागायचे.

आता यात खोट कुठे होती, ते सांगायला हवं.

दुकानासमोर शाळेचं मैदान होतं. तिथे खेळाचे मास्तर पळणाऱ्या मुलांच्या घोट्यांना वाळूच्या पिशव्या बांधायचे. महिनाभर पोरं त्या ओझ्यासकट पळायची, आणि पिशव्या सोडल्या की वाऱ्यासारखी सुटायची. घड्याळजी दुकानात बसून ते बघत, आणि एक दिवस त्यांच्या मनात आलं की आपल्या पोरीच्या पायालाही अशी एखादी पिशवी बांधावी. घड्याळजींजवळ कसली पिशवी असणार? लंबकाची दांडी जितकी आखूड, तितकं घड्याळ पळतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाची दांडी काढली, तशीच दुसरी घेतली, ती कापून तीन बोटं आखूड केली, पुन्हा गोळा बसवला. मग दुकानात बसून मोजून बघितलं. आठ मिनिटं झाली की हे घड्याळ नऊ मिनिटं दाखवायचं. म्हणजे तीन तासांचा पेपर एकशे साठ मिनिटांतच संपणार आणि बाराचे टोले खरे बारा वाजायच्या वीस मिनिटं आधी पडणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी लेकीला जवळ बसवायचं आणि सांगायचं, बाळ, तू इतके महिने वीस मिनिटं कमी घेऊन लढलीस, उद्या ती तुला परत मिळणार. ऐकल्यावर तिचा चेहरा कसा उजळेल, हे ते दुकानात काम करताना मनात बघायचे आणि एकटेच हसायचे. बापाच्या वेड्या मायेचं हे असं असतं, की ती लपवालपवीलाही भेट म्हणून रंगीत कागदात गुंडाळते.

पहिल्या रविवारी टोले पडले तेव्हा अडतीस प्रश्न राहिले होते. बारकी टेबलावर डोकं ठेवून रडली. घड्याळजींनी तिला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाले, होईल सवय. खरंच झाली. अडतीसाचे तीस झाले, तिसाचे बावीस, मग पंधरा. घड्याळजी खूश. पण पंधराच्या खाली काही केल्या उतरेना. चार रविवार पंधरा, सोळा, पंधरा, पंधरा. मग बारकीने घाई सुरू केली. प्रश्न अर्धा वाचायचा आणि गोल काळा करायचा. राहिलेले प्रश्न कमी झाले आणि चुकलेले वाढले. गुण होते त्याहून खाली आले. ती जेवताना एक हात मांडीवर ठेवून बोटांनी काहीतरी मोजत राहायची. आईने विचारलं तर म्हणायची, काही नाही, घास किती वेळात संपतो ते बघतेय.

घड्याळजींना हे दिसत नव्हतं असं नाही. दर शनिवारी ते ठरवायचे की उद्या खरी दांडी बसवू. आणि दर रविवारी वाटायचं, आता इतकं झालंय, आणखी एक आठवडा. शिवाय अचानक सगळे प्रश्न सुटले तर तिला संशय येईल, ही भीती होतीच. असं करता करता चौदावा रविवार उजाडला. परीक्षेला बारा दिवस राहिले होते.

त्या रविवारी सिस्टरची पाळी बदलून दुपारची झाली होती. ती सकाळी घरीच होती, ओले केस पुसत मागच्या खोलीत डोकावली, तर लेक पेन हातात धरून नुसती बसलेली. ओठ पांढरे, कपाळावर घाम, श्वास वरच्यावर. पेपर अर्ध्यावर. सिस्टरने तिला खुर्चीतून उतरवून जमिनीवर बसवलं, मनगट धरलं आणि आपल्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. एकशे बत्तीस. नाडी मोजली की वेळ टिपायची, ही नर्सच्या हाताची सवय. तिने मनगटावर बघितलं तर दहा वीस. मान वर करून भिंतीवर बघितलं तर साडेदहा.

दुसऱ्या कुठल्याही घरात बाईने भिंतीवरच्या घड्याळावर संशय घेतला असता. पण हे घर घड्याळजींचं. वीस वर्षं ज्या माणसाच्या वेळेवर तिने चूल पेटवली आणि पाळ्या गाठल्या, त्याने लावलेलं घड्याळ चुकेल हे तिच्या मनातही आलं नाही. ती घाबरली ती स्वतःच्या घड्याळाला.

"अहो," ती म्हणाली, "माझं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलंय. मला कळलंसुद्धा नाही. काल दिवसभर याच घड्याळावर मी लोकांना इंजेक्शनं दिली."

घड्याळजी दारात उभे होते. तिने पट्टा सोडून घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि तेवढ्यात बारकी बोलली. जमिनीवर बसूनच, भिंतीला टेकून, अगदी शांतपणे.

"आई, मी परीक्षेला नाही बसणार. मी सावकाश आहे गं. अभ्यास येतो मला, पण माझं डोकंच सावकाश चालतं. डॉक्टरचं डोकं असं चालून कसं भागेल? समोर माणूस पडलेला असेल आणि मी विचार करत बसेन."

आईने नवऱ्याकडे बघितलं, की आता बाप म्हणून तुम्ही काही बोला. घड्याळजींनी घड्याळ मुठीत मिटलं, हे दुकानात बघून येतो असं काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून बाहेर पडले.

रविवार असल्याने दुकान बंद होतं. त्यांनी फळी अर्धी उघडली, आत बसले, भिंग लावलं. सवयीने दोन बोटं कपाळाकडे निघाली आणि मधेच थांबली. घड्याळ उघडलं. त्यात काय दिसणार होतं? ते सेकंदाला सेकंद बरोबर चालत होतं. ते घड्याळजींनीच बायकोला लग्नाच्या वर्षी जुळवून दिलं होतं.

वाट सोपी होती. झाकण लावायचं आणि सांगायचं, हो, मागे पडत होतं, केलं ठीक. भिंतीवरची दांडी दुपारी गुपचूप बदलायची. पुढच्या रविवारी पोरीचे सगळे प्रश्न सुटतील, ती हसेल, आणि सगळं आपोआप निस्तरेल. कुणाला कधीच कळणार नाही. बायकोला आयुष्यभर वाटत राहील की आपण एक दिवस चुकीच्या वेळेला औषधं दिली. पण तेवढंच. घड्याळजींनी झाकण दोनदा लावलं आणि दोनदा उघडलं. समोर टांगलेली वीस-बावीस घड्याळं एकाच चालीने चालत होती, आणि ज्याने ती चालवली त्याला आज त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. देवा, मला इतकं सोपं का करून देतोस, असं ते मनात म्हणाले आणि उठले.

घरी जाईपर्यंत दुपार होऊन सिस्टर दवाखान्यात गेली होती. ते मागोमाग तिथे गेले. ती नर्सच्या खोलीत टेबलाशी बसली होती आणि पुढ्यात कालच्या सगळ्या रुग्णांचे तक्ते होते. तिने आल्या आल्या हेड नर्सला स्वतःहून सांगितलं होतं की माझं घड्याळ चुकत होतं. आता एकेका तक्त्यावरची वेळ तपासत बसली होती. कुणाला लवकर दिलं, कुणाला उशिरा, काही बिघडलं का. हेड नर्स तिच्या मागे हाताची घडी घालून उभी होती.

घड्याळजींनी तिला व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. दांडी, तीन बोटं, वाळूच्या पिशव्या, आदल्या दिवशी सांगायचा बेत, सगळं. एकही शब्द गाळला नाही. सांगताना ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. सांगून संपल्यावर सिस्टरने हात पुढे केला, आपलं घड्याळ घेतलं, मनगटावर बांधलं, पट्टा एक भोक जास्तच आवळला.

"तिला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. आणि मी घरी येईपर्यंत थांबायचं नाही."

एवढं बोलून ती तक्ते आवरायला आत गेली. हेड नर्सला तिने काय सांगितलं, ते घड्याळजींना कधीच कळलं नाही.

बारकी मागच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती. सुतळी दातांत धरून ती दुसऱ्या हाताने गाठ घट्ट करत होती. घड्याळजींनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, टेबलावर आडवं ठेवलं, लंबक काढला. दुकानातून आणलेली खरी दांडी शेजारी ठेवली. आणि सांगितलं.

बापाच्या मनातला तो उजळणारा चेहरा काही आला नाही. बारकीने दोन्ही दांड्या एकमेकींना लावून धरल्या. उरलेल्या जागेत स्वतःची बोटं ठेवून बघितली. तिची बोटं बारीक, तीन पुरली नाहीत. मग तिने विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या पेपरपासून."

"पहिल्या रविवारी मी रडले होते. तुम्ही मला पाणी आणून दिलंत."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो बाळ."

तिने दांड्या खाली ठेवल्या. घड्याळजींना वाटलं, आता ती ओरडेल, फेकेल काहीतरी. ओरडली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तू सावकाश नाहीस, तू तर एकशे साठ मिनिटांत एकशे पासष्ट प्रश्न सोडवलेस, असं करणारी पोर सावकाश कशी असेल. हिशोब अगदी बरोबर होता.

"ते आता मी कशावरून मानू?" बारकी म्हणाली. "तुम्ही सांगताय म्हणून?"

घड्याळजींनी खरी दांडी उचलली आणि घड्याळात बसवली.

गठ्ठे तिने सोडले, हे खरं. परीक्षेला बसणार, असं तिने त्या संध्याकाळी आईला सांगितलं. पण पुढच्या रविवारचा पेपर घेऊन ती वाचनालयात गेली, आणि तिथल्या पुस्तकं देणाऱ्या बाईंना विनंती केली की माझी वेळ तुम्ही लावा. बाईंना नवल वाटलं. घड्याळजींची पोर आणि वेळ लावायला माझ्याकडे, असं त्या हसत म्हणाल्या. बारकीने हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर तिने जे सांगितलं ते आईला, स्वयंपाकघरात. पेपर अडीच तासांत संपला, पंचवीसच्या वर चुका. सगळे प्रश्न झाले आणि अर्धा तास उरला, तर त्या अर्ध्या तासाचं काय करायचं ते कळेना. परत वाचायला घेतलं तर डोळे ओळीवर थांबत नव्हते, पुढेच पळत होते. हात आता आपोआप धावतो, ती म्हणाली, त्याला थांबवायचं कसं? आई तिला सांगत होती की प्रत्येक प्रश्नाआधी एक श्वास घे, पूर्ण, आणि तो सोडल्यावरच पेन उचल. घड्याळजी भिंतीपलीकडे उभे राहून ऐकत होते. तीस वर्षांत त्यांच्या हातून पळणारी घड्याळं शेकड्याने जागेवर आली होती. आतला इवलासा दांडा केसभर सरकवला की झालं. पण ह्या पोरीच्या आत काय सरकवायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिने त्यांना हात लावू दिलाही नसता.

ते पाच दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही, फक्त प्रार्थना केली. तीही विचित्र. पोरीला यश दे, असं मागायला त्यांची जीभ उचलेना. तिच्या हाताला थांबता येऊ दे, एवढंच ते मागत राहिले.

परीक्षेच्या सकाळी तिघंही केंद्रावर गेले. केंद्र म्हणजे एक मोठी शाळा. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी. कुणी शेवटची टिपणं हातात खुपसतंय, कुणी पोराच्या शर्टाची कॉलर नीट करतंय. एका आजोबांनी नातीला इतकी शिकवण चालवली होती की ती बिचारी म्हणाली, आजोबा, तुम्हीच बसा ना आत. आजूबाजूचे हसले. बारकीने ओळखपत्र काढलं, आईच्या खांद्यावर क्षणभर कपाळ टेकलं. घड्याळजी दोन पावलांवर उभे होते. मनगटावर एक घड्याळ, खिशात साखळीचं दुसरं, आणि दोन्ही काट्याला काटा बरोबर.

बारकी फाटकाशी गेली आणि पहारेकऱ्याला विचारलं, "काका, किती वाजले?"

पहारेकऱ्याने सांगितलं. ती आत गेली.

ते तीन तास घड्याळजींनी शाळेच्या कुंपणाशी उभं राहून काढले. सिस्टर म्हणाली, बसा की सावलीत. ते बसले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकदाही मनगटाकडे बघितलं नाही. शेजारच्या एका गृहस्थाने वेळ विचारली, तर त्यांनी मनगट त्याच्यापुढे धरलं. तुम्हीच बघा, म्हणाले.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. काही हसत, काही फुगलेल्या डोळ्यांनी, बरीचशी नुसतीच थकलेली. बारकी शेवटच्या घोळक्यात होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आई पुढे झाली.

"सात राहिले," बारकी म्हणाली. "पहिला तास हात पळत होता. मग मी घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं. श्वास घेतला, सोडला, वाचलं, लिहिलं. घंटा झाली तेव्हा सात बाकी होते. पण जे केले ते वाचून केले."

घड्याळजी एक पाऊल पुढे आले. बारा दिवसांत ते तिच्याशी धड दहा शब्द बोलले नव्हते.

"ते सात माझ्यामुळे," ते म्हणाले.

आपली लेक हे नाकारेल, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. तिने नाकारलंही नाही. तिने थोडा विचार केला, जसा एखाद्या प्रश्नाचा करतात.

"पाच तुमच्यामुळे," बारकी म्हणाली. "दोन मला येतच नव्हते."

सिस्टरला एकदम हसू फुटलं आणि तिने ते पदराखाली दाबलं. घड्याळजींना हसता आलं नाही. त्यांनी मान हलवली. पाच, ते म्हणाले, बरोबर आहे. या पाचांवर किती गुण जातील, त्या गुणांवर किती जण पुढे सरकतील, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात सुरू झाला होता आणि तो निकालापर्यंत, कदाचित निकालानंतरही, थांबणार नव्हता.

तिघं चालू लागले. रस्ता अरुंद होता, दोघांनाच शेजारी चालता येईल इतका. आई पुढे गेली. बारकी बापाच्या शेजारी राहिली. काही वेळाने ती म्हणाली की निकाल लागेल त्या दिवशी तो मी आधी एकटी बघणार. मग जे असेल ते मी तुम्हाला सांगेन, आणि तुम्ही ते माझ्याकडूनच ऐकायचं, आधी कुठे बघायला जायचं नाही.

"हो," घड्याळजी म्हणाले. "तू सांगशील तेच."